मेलेल्या राणीची झील

"आई," ती म्हणाली, आणि मी माझी ओळ विसरले.

सहा व्हायोलिनवाले गज हवेत धरून थांबले. दगडूनं ढोलकीवर पंजा टेकला. टिपणीसांनी हातातली वही मांडीवर आपटली.

"कोंडाबाई, 'काय हवंय तुला' ही तुमची ओळ. मग ती म्हणणार, 'तुझं रक्त'."

"माहीत आहे. घशात धूळ गेली."

हॉल सांगलीतल्या एका मुलींच्या वसतिगृहाचा होता. उन्हाळ्याची सुट्टी म्हणून रिकामा. सकाळीच दोनदा फरशी पुसलेली. धूळ औषधालासुद्धा नव्हती. वच्छी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. माझ्याकडं न बघता ती टिपणीसांना म्हणाली, "सर, त्यांना पाणी द्या कुणीतरी. मी मागच्या ओळीपासून घेते."

त्यांना, म्हणाली.

अकरा वर्षांनी पोटच्या पोरीनं मला आई म्हटलं, तेही टिपणीसांनी तसं लिहून दिलं होतं म्हणून. घरात ती मला आये म्हणायची. आई हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी चाळीस वर्षं तमाशाचा फड चालवला. येळगावकरांचा फड आला म्हटलं की पाच-पाच हजार माणूस गाड्या सोडून बसायचं. एकदा कनातीला आग लागली तरी माझी ओळ चुकली नव्हती. ती त्या रिकाम्या हॉलात, सहा व्हायोलिनं आणि एका पंख्यापुढं चुकली.

टिपणीस माझ्याकडं आले होते ते माघात. फड मोडून मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. कऱ्हाडजवळ दोन खोल्या, दारात एक कढीपत्त्याचं झाड, आणि आठवड्यातनं एकदा तंबाखू मागायला येणारा दगडू, एवढाच संसार. टिपणीस पुण्याचे, चष्मा सारखा पुसायची सवय. खाटेच्या टोकावर बसले.

"बाई, एक ऑपेरा करतोय."

"ते काय असतं?"

"सगळं गाऊनच. एकही वाक्य नुसतं बोलायचं नाही. परदेशात करतात तसं."

"आमच्या वगात गातात, बोलतात आणि मधे लोकांना हसवतात. तुमच्यात हसणं नसतं?"

"नाही. यात सगळे मरतात."

"मग तिकीट कोण काढणार?"

ते हसले आणि गोष्ट सांगू लागले. ग्रीक देशातली, अडीच हजार वर्षांपूर्वीची. राजा मोठी लढाई जिंकून घरी येतो. राणी त्याला न्हाणीघरात मारते. त्यांची मुलगी बापासाठी वर्षानुवर्षं वाड्याच्या उंबऱ्यावर बसून रडते. परागंदा झालेला भाऊ एक दिवस येईल आणि आईचा जीव घेईल, याची वाट बघते. भाऊ येतो, घेतो. नावं अशी होती की जिभेला गाठ पडावी, म्हणून टिपणीसांनी ती काढून टाकली होती. राणी, राजकन्या, भाऊ, बस्स.

"मी राणी?"

"तुम्हीच. मला शिकलेला गळा नकोय. फडातला हवाय."

"आणि पोरगी कोण?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वत्सलाताई. त्या हो म्हणाल्यात."

मी उठून चुलीवरचं दूध खाली उतरवलं. ते तापलंही नव्हतं.

"त्यांची एक अट आहे," टिपणीस माझ्या पाठीला म्हणाले. "नाटकातल्या ओळी सोडल्या तर त्या तुमच्याशी एक शब्दही बोलणार नाहीत."

"मग ओळी जास्त लिहा," मी म्हटलं.

वच्छी फड सोडून गेली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. पुण्यातल्या एका गाणं शिकवणाऱ्या मास्तराशी लग्न केलं आणि निघताना, पेटी उचललेली असताना, सगळ्या फडासमोर मला म्हणाली, "माझा बाप स्टँडवर मेला नाही. तू त्याला फाट्यावर उतरवलंस तिथंच मेला. तू मारलास." मी म्हटलं, "जा, गाडी चुकेल." त्याच्यापुढं आमचं बोलणं नाही.

तिचा बाप म्हणजे सावळाराम. आमच्या फडातला सोंगाड्या. तो नुसता मान वाकडी करून पुढं आला तरी बाया पदरात तोंड घालायच्या. वच्छीवर त्याचा जीव होता, वच्छीचा त्याच्यावर दुप्पट. ती त्याला दादा म्हणायची. ती तेरा वर्षांची असताना एका सकाळी ट्रकच्या मागच्या फळीवर तिला जाग आली, आणि तिनं बघितलं की बाप मागं रस्त्यावर पेटी घेऊन उभा आहे आणि लहान लहान होत चाललाय. चार महिन्यांनी दहिवडीच्या एसटी स्टँडवर तो बाकावर मेलेला सापडला. उन्हानं की दारूनं, कुणी बघायला नव्हतं. आपल्याला का उतरवलं, हे त्यानंही कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. माझ्या पोटी जन्मलेल्यांना मी जाब देत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची. सांगायला बरं वाटायचं.

सांगलीत आम्ही महिनाभर होतो. सकाळी नऊ ते एक तालीम, मग जेवण, मग पुन्हा चारपासून दिवेलागणीपर्यंत. मला अक्षरं जुळवून लिहिता-वाचता येतं, पण टिपणीसांची वही माझ्या कामाची नव्हती. दगडू मला ओळी वाचून दाखवायचा, मी ढोलकीवर पाठ करायची. जेवायला लांबलचक टेबल होतं, शाळेतल्या बाकासारखं. वच्छी एका टोकाला बसायची, मी दुसऱ्या. पहिल्या दिवशी मी ठेचा करून डबा मधे ठेवला. तिच्या आवडीचा, कच्च्या शेंगदाण्याचा. डबा टेबलभर फिरला, सगळ्या व्हायोलिनवाल्यांनी डोळे पुसत खाल्ला, आणि तिच्याजवळ जाऊन तसाच परत आला.

"अक्का," दगडू हळूच म्हणाला, "पोरीनं घेतला न्हाई."

"मला डोळे आहेत."

"उद्या गूळ घालून बघ."

"तू ढोलकी बघ."

दगडू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. फडात दिवसा ट्रक चालवायचा, तमाशा उभा राहिला की ढोलकीवर बसायचा. बोलणं कमी. वच्छी पाय टाकायला शिकली ती त्याच्या ढोलकीवर. ती त्याच्याशी बोलायची. "दगडूमामा, चहा घेतलास?" "दगडूमामा, गुडघा कसाय?" मी शेजारीच बसलेली असायची. मी त्या महिन्यात दगडूच्या गुडघ्याबद्दल सगळं ऐकलं.

आठव्या दिवशी टिपणीसांनी राणीचं गाणं काढलं.

"आता ऐका," ते म्हणाले. "इथपर्यंत राणी म्हणजे नुसती राक्षसीण आहे. पण तिलाही कारण आहे. राजा लढाईला निघाला तेव्हा वारा पडला होता. हजार जहाजं किनाऱ्यावर अडकली. देवानं वारा द्यावा म्हणून राजानं स्वतःच्या थोरल्या मुलीचा बळी दिला. वारा सुटला, जहाजं गेली. राणीनं दहा वर्षं ते मनात ठेवलं, आणि तो परत आल्यावर त्याला मारलं. हे ती धाकटीला या गाण्यात सांगते."

दगडू ढोलकी खाली ठेवून तंबाखू थुंकायला बाहेर गेला. त्याच्या तोंडात तंबाखू नव्हती.

"हे ती पोरीला सांगते?" मी विचारलं. "तोंडावर?"

"हो."

"मग ती राणी कच्ची."

"का बाई?"

"दहा वर्षं पोटात ठेवलं ते म्हातारपणी ओकायचं कशाला? पोरगी बापासाठी रडतीय ना, रडू दे की. बाप चांगला होता असं समजून रडतीय. तेवढं तरी तिच्याकडं राहू दे."

टिपणीसांनी चष्मा काढला. वच्छी त्यांच्याकडं बघून म्हणाली, "सर, मलाही ते गाणं नको वाटतं. ज्यानं मारलंय त्याला मागाहून कारण सापडतंच. राजकन्या यावर विश्वास ठेवणार नाही."

"ठेवत नाहीच ती. पण ऐकते."

"मग मीही ऐकेन," वच्छी म्हणाली. "तेवढंच."

एवढ्या वर्षांत आम्हा दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते टिपणीसांनी मोडलं. गाणं राहिलं. मी ते तालमीत नुसतं पुटपुटायची. आवाज राखून ठेवतेय, म्हणायची. टिपणीस म्हणायचे, बाई, प्रयोगात तरी गा. मी म्हणायची, बघू.

दुसरं भांडण शेवटावरनं झालं. शेवट असा होता. भाऊ येतो, आत जातो. आतून राणीची किंकाळी. मग राजकन्या एकटी रंगमंचावर, बापाला दोनदा सांगते, "आता निजा, बाबा, निजा." त्यातला शेवटचा 'निजा' वर चढवून लांब, खूप लांब धरायचा, दिवे विझेपर्यंत.

दगडूनं विचारलं, "आणि झील कोण धरणार?"

टिपणीसांना झील माहीत होती, तरी दगडूनं त्यांना समजावून सांगितलीच. फडात पुढं गाणारी ओळीचा शेवटचा सूर सोडते, तेव्हा मागं उभे असलेले तो वरच्या वर झेलतात आणि धरून ठेवतात, तिचा श्वास परत येईपर्यंत. सूर जमिनीवर पडू द्यायचा नाही. भांडण असो, ताप असो, मागच्याच्या घरी मयत झालेली असो, पुढचीचा सूर पडला की मागच्याचं तोंड उघडलंच पाहिजे. आम्हाला हे लहानपणी मारून शिकवतात. मी वच्छीला तसंच शिकवलं होतं. सहा वर्षांची असताना ती एकदा झील धरायची विसरली, तेव्हा तिच्या पायावर छडीचा वळ उठवला होता. नंतर तिनं कधी सोडली नाही. फड सोडला, झील नाही.

"झील कुणीच धरायची नाही," टिपणीस म्हणाले. "तिचं कुणी उरलेलंच नाही. ती एकटी आहे, हाच शेवट आहे."

"एकटीचा दम पुरंल एवढा?" दगडू म्हणाला.

"पुरेल," वच्छी म्हणाली.

आणि पुरायचा. बावीस तालमींत पुरला. मी किंकाळी मारून झाली की विंगेत एका स्टुलावर बसायची. मेलेल्या माणसाला पुढं काम नसतं. खोकायचं नाही, बांगडी वाजवायची नाही. बसून पोरीचा सूर ऐकायचा. खरं सांगायचं तर त्या महिन्यात मला सगळ्यात चांगलं तेव्हाच वाटायचं.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी सात वाजता होता. थिएटर भरलेलं. पुण्या-मुंबईची माणसं होती, सांगलीतली होती, आणि मागच्या तीन ओळींत येळगावची माणसं फेटे बांधून आली होती. त्यांना वाटलं वग आहे. पहिली दहा मिनिटं ती सोंगाड्याची वाट बघत होती.

मला लाल नऊवारी, डोक्यावर पितळेचा मुकुट. मी पायऱ्या उतरून आले. वच्छी खाली धुळीत बसलेली, केस मोकळे, फाटकं लुगडं. तिनं वर बघितलं.

"आई."

या वेळी मी चुकले नाही. "काय हवंय तुला?"

"तुझं रक्त."

मागच्या तीन ओळींतून कुणीतरी "आरं तिच्या" म्हणालं.

मग व्हायोलिनं खाली उतरली आणि ढोलकी सुरू झाली. राणीचं गाणं. मी पुटपुटायचंच ठरवलं होतं. पण समोर माणसं बसलेली असली आणि ढोलकी लागली की माझा गळा माझं ऐकत नाही, तो त्याच्या सवयीनं उघडतो. मी पोरीच्या समोर उभी राहिले आणि गायले.

शिडं लोंबली, दर्या निजला, वाऱ्याला फुटेना पाय,
लेक दिली अन् वारा घेतला, असला बाप ग बाय.

त्या दुसऱ्या ओळीवर, 'घेतला'च्या समेवर, ढोलकी चुकली.

नुसती एक थाप. लोकांना कळलीसुद्धा नाही. व्हायोलिनवाल्यांनाही नाही. दगडूनं लगेच पुढची थाप धरली. पण दगडू पन्नास वर्षांत चुकलेला नव्हता, आणि हे त्या थिएटरात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. वच्छीची मान वळली. तिनं दगडूकडं बघितलं. दगडू ढोलकीत डोकं खुपसून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मग तिनं माझ्याकडं बघितलं. राजकन्येनं राणीकडं बघायचं ते नव्हे. फळीवर जाग आलेल्या तेरा वर्षांच्या पोरीनं बघावं तसं.

आता लिहायलाच बसलेय तर लिहिते.

त्या साली वडूजच्या पुढं आमच्या ट्रकचं इंजिन बसलं होतं. आठ दिवस फड रस्त्यावर. चाळीस माणसं, तंबू, पेट्या, एक शेळी. पुढच्या जत्रा हातच्या चालल्या होत्या. नवव्या दिवशी सावळा कुठून तरी ट्रक घेऊन आला. निळा, कोरा. म्हणाला, एका बागायतदाराला आपली दया आली. मी त्या बागायतदाराच्या नावानं सगळ्यांना खडीसाखर वाटली. फड चालायला लागला. तिसऱ्या दिवशी उजाडताना केबिनमध्ये आम्ही तिघं होतो, चालवायला दगडू. सावळा म्हणाला, "येत्या अक्षयतृतीयेला वच्छीला त्यांच्या मळ्यावर पोचवायचीय. जबान दिलीय मी." वच्छी तेव्हा मागं फळीवर, तंबूच्या गुंडाळीला टेकून झोपली होती. असल्या देण्याला आमच्यात एक नाव आहे, मोठा समारंभ आहे. ते नाव मी कागदावर उतरवणार नाही.

मी दगडूला म्हटलं, "गाडी थांबव."

सावळा उतरला तेव्हा हसत होता. त्याला वाटलं, दहा मिनिटांत राग जाईल. ट्रक मी दुसऱ्या दिवशी मालकाकडं परत पाठवला आणि पुढच्या गावाला सामान बैलगाड्यांतून गेलं, माणसं चालत. दगडूकडून शपथ घेतली. पोरीला बाप एकच असतो, तो चांगला असू दे म्हटलं. वाईट व्हायला मी होते.

एवढंच.

गाणं संपलं. राजकन्येची उत्तराची ओळ होती, "खोटं, सगळं खोटं." वच्छीनं ती म्हटली. म्हणताना ती दगडूकडं बघत होती. मग भाऊ आला, सगळं ठरल्यासारखं झालं. मी आत गेले, किंकाळी मारली, मुकुट काढून मांडीवर घेतला आणि स्टुलावर बसले.

बाहेर वच्छी एकटी.

"आता निजा, बाबा," ती म्हणाली. मग तिनं तो सूर घेतला. वर चढवला. मी डोळे मिटून ऐकत होते. पहिला श्वास चांगला गेला. मग 'बाबा' शब्द पुन्हा आला, आणि त्याच्या मागून येणारा 'निजा' चढता चढता मधेच फाटला. दम संपला नव्हता. मी तिला बाळपणापासून ऐकलंय, दम संपल्यावर तिचा सूर कसा होतो ते मला माहीत आहे. हा वेगळा होता. हा हातातनं सुटला. सूर खाली यायला लागला.

मी मेलेली होते हे मला खरोखर आठवलं नाही. तोंड उघडलं आणि झील धरली.

विंगेतून, काळोखातून, आहे तेवढ्या ताकदीनं. पुढचीचा सूर पडत होता, मागच्यानं झेलायचा, बस्स. मी तो उचलून वर नेला आणि धरून ठेवला. दगडूची ढोलकी माझ्याखाली आली, न सांगता. विंगेच्या फटीतून मला वच्छीची पाठ दिसत होती. ती वळली नाही. तिचे खांदे वर गेले, तिनं श्वास घेतला, आणि माझ्या सुरात सूर मिळवला. मग तिनं तो माझ्याकडून काढून घेतला, हक्कानं, फडात घ्यायची तसा, आणि मी थांबले. दिवे विझले.

फेटेवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. टिपणीस विंगेत धावत आले. अंधारात त्यांचा चष्मा चमकला.

"बाई, मेलेली राणी गात नसते."

"आमच्याकडं गाते."

"मी सांगितलं होतं, ती एकटी आहे."

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकलं पण होतं."

रंगपटात मी आरशापुढं बसून खोबरेल तेलानं तोंड पुसत होते. वच्छी दारात येऊन उभी राहिली. अंगावर तेच फाटकं लुगडं. मी पुसत राहिले. वही तिकडं टिपणीसांकडं होती. इथं कुणी ओळी लिहिलेल्या नव्हत्या.

"झील उंच धरलीस," ती म्हणाली.

"तू खाली सोडलीस."

"मला एकटीनं संपवायचं होतं."

"संपत नव्हतं."

ती चौकटीला टेकली. "दगडूमामा चुकला."

"म्हातारा झालाय."

"तो चुकत नाही, आये."

कापसाचा बोळा माझ्या हातात होता. तो मी तेलात बुडवला, परत बुडवला.

"तो ट्रक निळा होता," वच्छी म्हणाली. "नवा. मला आठवतो, त्याच्या मागच्या फळीवर मोर काढलेला होता. दादांना उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आपण चालत गेलो, माझ्या टाचा फुटल्या होत्या. नवा ट्रक आपण परत का दिला?"

"गिअर पडत नव्हता."

"कुणी दिला होता तो?"

"मला काय माहीत. तुझा बाप घेऊन आला होता."

"कशाच्या बदल्यात?"

आरशात ती माझ्या खांद्यामागं दिसत होती. एवढीशी. मी म्हटलं, "वच्छे, ते नाटक होतं. ग्रीक देशातलं. तिथं मुली मारतात वाऱ्यासाठी. आपल्याकडं कुठं समुद्र आहे?"

ती चौकटीवरनं सरळ झाली. मला वाटलं आता आत येईल. जवळ स्टूल रिकामं होतं, त्यावरचा मुकुट मी उचलून खाली ठेवला.

"कानामागं लाल राहिलंय," ती म्हणाली आणि गेली.

त्या नाटकाचे आणखी चार प्रयोग झाले. कुठल्याशा पेपरात छापून आलं की मेलेल्या आईचा आवाज हा दिग्दर्शकाच्या प्रतिभेचा चमत्कार. टिपणीसांनी मला कात्रण वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बाई, आता ते दर वेळी करू." मी म्हटलं, "सूर पडला तर धरीन. उगाच तोंड उघडायला मी भोंगा नाही." चारही प्रयोगांत मी किंकाळी मारून स्टुलावर बसले आणि वाट बघितली. वच्छीचा सूर एकदाही पडला नाही. दम पुरला तिला.

पुढच्या दिवाळीला तिचा फोन आला. "ये," म्हणाली. मी गेले. धनकवडीत तिचं घर, तिसरा मजला. जावई पाया पडला, चिवडा दिला. बाहेरच्या खोलीत सावळाचा फोटो आहे, कोट घातलेला, चंदनाचा हार, रोज उदबत्ती, हे मला दगडूनं कैक वेळा सांगितलं होतं. मी आत शिरल्या शिरल्या भिंत बघितली. भिंतीवर एक खिळा आणि त्याच्याखाली चौकोनी पांढरा डाग.

"फोटो कुठाय?"

"काच फुटली," वच्छी म्हणाली. "बसवायला दिलाय."

दुसऱ्या दिवशी मी भाकरीला पीठ काढायला गेले. डब्यामागं फोटो उभा होता. काच धड होती. तोंड भिंतीकडं.

मी तो हातात घेतला. हसतोय तसाच, मान वाकडी करून. पंचवीस वर्षं मी तिला हा माणूस सांभाळून दिला होता. शिव्या खाल्ल्या, एकटी राहिले, पण याच्यावर एक ओरखडा येऊ दिला नव्हता. आणि एका थापेत गेला.

"फोटो लाव," मी बाहेर येऊन म्हटलं. "माणूस लोकांना हसवायचा झकास. तेवढं खरं होतं."

"हसवायचा," वच्छी म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली.

मी पीठ घेतलं आणि फोटो डब्यामागं सुलटा ठेवला, तोंड खोलीकडं. संध्याकाळी चहा करायला गेले तर परत भिंतीकडं. मी फिरवला. सकाळी बघितलं, भिंतीकडं. मी फिरवला. पाच दिवस राहिले मी तिथं, पाचही दिवस आमचं हेच चाललं होतं. ठेचा तिनं खाल्ला, दोनदा मागून घेतला. त्यावर आम्ही पुष्कळ बोललो. मिरची कुठली, दाणे किती. फोटोवर बोललो नाही.